पंधरा वर्षांचं छप्पर

फौज सोडून सहा वर्षं झाली. सध्या पोस्टिंग दुबईतलं जबल अली. छपराचे पत्रे विकणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी सुपरवायझर आहे. परवा सेल्समधली सायली फॉर्म घेऊन आली. पोरगी इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. गिऱ्हाईक हिमाचलात हॉटेल बांधतंय. फॉर्मवर एक रकाना होता: थंड हवामानात छताचं आयुष्य.

"अंकल, जस्ट गिव्ह मी अ नंबर."

"नाही देता येणार."

मॅनेजर केबिनमधून म्हणाला, "सुभेदारसाब, पचीस लिखो और खलास करो. यल्ला, जल्दी."

माझं डोकं फिरलं. सही न करता फॉर्म परत दिला. कारण त्या दोघांना सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

लडाखच्या एका चौकीवर आमची बारा जणांची बॅरेक होती. लाकडी वासे, वर पत्रा. कागदावर छताचं आयुष्य पंधरा वर्षं, त्यातली नऊ झालेली. दरवर्षी बोर्ड, म्हणजे तिघांची समिती, छत तपासायची. तीही जूनमध्ये, कारण रस्ता तेव्हा खुला असायचा. जूनमध्ये कुठलंही छत शहाण्यासारखं वागतं. त्या वर्षी बोर्डात मी होतो. खाली उभं राहून वर पाहिलं, गळती दिसली नाही, 'सर्व्हिसेबल', म्हणजे वापरायोग्य, लिहून सही ठोकली.

हिवाळ्यात आत बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, सतत पेटलेली. तिच्या उबेने पत्र्यालगतचा बर्फ वितळायचा आणि पाणी कडेला जाऊन पुन्हा गोठायचं. बोल्टांच्या भोकांतून ते पाणी झिरपून वासे आतून कुजले होते. हे मला डिसेंबरात कळलं. हेडक्वार्टरकडे नवे वासे मागितले. उत्तर आलं: मुदत शिल्लक आहे. पुन्हा मागितले, पुन्हा तेच. भयंकर चीड यायची, आणि प्रत्येक उत्तराला माझ्याच सहीचा कागद जोडलेला असायचा.

फेब्रुवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला. दिवसातून दोनदा छतावरचा बर्फ फावड्याने काढायचा, हा नियम आम्ही मोडला नव्हता. तिसऱ्या दिवशी १३४० वाजता नाईक महाडिक वरून उतरला. खेडकडचा, कामाला वाघ.

"साहेब, फावडं चालत नाही. खाली सगळी काच झालीय."

मी रेडिओ उचलला. "बॅरेक रिकामी करायची परवानगी हवी. ओव्हर."

"छताची मुदत? ओव्हर."

"सहा वर्षं बाकी. वासे कुजलेत. ओव्हर."

"वेट. आउट."

बाहेर उणे वीस. तंबूत हलवायचं तर हुकूम हवा. मी पंचवीस मिनिटं थांबलो. ती मला आजही माफ होत नाहीत.

१४०५ ला वासा कडाडला. हुकूम गेला खड्ड्यात. "सगळे बाहेर!" सगळे निघालो. बुखारीवर छत पडलं तर आग लागणार, म्हणून महाडिक व्हॉल्व्ह बंद करायला परत आत गेला. मी हाक मारली. १४०७ ला छत बसलं. त्याला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. व्हॉल्व्ह बंद होता.

सुट्टीवर त्याच्या गावी गेलो. वडिलांनी चहा दिला, त्याच्या शाळेतल्या वह्या दाखवल्या. मग शांतपणे विचारलं, "छप्पर तपासलं होतं कुणी?"

"बोर्डाने," मी म्हणालो.

बोर्ड म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.