वैशालीची पेशी

माझ्या मुलीची सोयरीक मी एका शब्दाने मोडत आणली, आणि तो शब्द चांगला छाती फुगवून उच्चारला होता.

आमची वैशाली पुण्यात पोटाच्या कॅन्सरवर संशोधन करते. कॅन्सरच्या पेशीचं एकटीने फारसं भागत नाही म्हणे. शेजारच्या भल्या, जखमा सांधणाऱ्या पेशींना ती फितवते. मग त्याच तिला खाऊपिऊ घालतात, पसरायला वाट करून देतात! हे मला चक्क समजलं. (मी निवृत्त कारकून. समजलेलं पोटात ठेवणं आम्हाला जमत नाही.)

सकाळी इथे नंदुरबारला ओट्यावर चहा पीत होतो, तर शेजारच्या इंदूआक्का आल्या.

"भाऊ, नवापूरना पाव्हना कवय येतस पोरले देखाले?"

"रविवारले. पन वैशालीले सुटी कोठे? पेशीस्मा अडकेल शे ती!"

"ओ माय! कवयपासून?"

"पाच वरीस व्हयनात!"

"कोनी अडकाडं तिले?"

"शेजारीच फितूर व्हतस, आक्का! वरून भला, आतून सामील!"

आक्का तरातरा निघून गेल्या. आमच्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात, हे मला तेव्हा सुचेल तर शपथ! दुपारी भाजीबाजारात वैशालीवर एक केस होती. नवापूरच्या वाटेवरच्या विसरवाडीपर्यंत तीन झाल्या. संध्याकाळी नवापूरहून मुलाच्या वडिलांचा फोन.

"नाना, पोर गुनी शे, पन आमना घरमा कोर्टनी पायरी कोनी चढेल नही. राहू द्या."

"अहो, कसलं कोर्ट! ती लॅबमा शे! दिवसभर आत ऱ्हास!"

"आत शे?" आणि फोन बंद.

एवढं चांगलं स्थळ! शेवटी रडवेला होऊन वैशालीला सगळं सांगितलं. तिने तडक मुलाच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि सूक्ष्मदर्शकातलं दाखवलं. "काका, ही देखा मन्ही पेशी!"

काका आपल्या पोल्ट्रीत उभे होते. "इतलीशी? आन् मी कोर्टनी समजी बठनू!" ते इतके हसले, की मागच्या कोंबड्या बिथरल्या. रविवारचं पक्कं झालं!

मग मला जोर चढला. "ही सगळी त्या आक्कानी करामत! तिनीच पसारं!"

"नाना," वैशाली शांतपणे म्हणाली, "पसारं आक्कानी, पन तिले खाऊ कोनी घालं?"

म्हणजे पाच वर्षं पोरगी पुण्यात जी फितूर पेशी शोधते आहे, ती इथे नंदुरबारला ओट्यावर चहा पीत बसली होती!