आधी बॉनेटला हात लावा

जुनी गाडी बघायला गेलं की गाडी मिळो न मिळो, किस्सा मिळतोच! निजामपुऱ्यात माझं गॅरेज आहे, त्यामुळे असे किस्से माझ्याकडे ढिगाने साठलेत. पण केतकीसाठी गाडी शोधली, त्या दोन महिन्यांत मिळाले तेवढे कधीच मिळाले नाहीत.

केतकी समा भागात राहते. तिच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. येताना रिक्षात त्यांची मान धरून बसावं लागतं. ती म्हणाली, "मोरेकाका, जुनी चालेल, पण रस्त्यात बंद पडणारी नको. अण्णांना घेऊन मी रस्त्यात उभी नाही राहू शकत."

मी छाती ठोकून म्हणालो, "माझ्यावर सोड!" माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडे पारखायचे. आम्ही गाड्या पारखतो.

तिला आवडलेल्या सगळ्या गाड्या टर्बोवाल्या. मी तिला समजावलं, टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर गरगर फिरणारा पंखा, इंजिनात जास्त हवा कोंबतो. तो जगतो तेलावर. मालकाने वेळेवर ऑईल बदललं नाही की मेला. आणि त्याचा आजार दिसतो सकाळी, इंजिन गार असताना. म्हणून नियम एकच. पोचल्या पोचल्या नमस्कार नंतर, आधी बॉनेटला हात!

*

पहिली गाडी एका रिटायर्ड साहेबांची. रविवारी सकाळी सातला गेलो. मी बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन उचलला. तवा!

"आत्ताच मंदिरात जाऊन आलो," साहेब म्हणाले.

मंदिर समोरच्या फुटपाथवर होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अरे, पेली पार्टी आवी के नहीं? अडधा कलाकथी गाडी चालु राखीने बेठा छो!"

म्हणजे अर्धा तास गाडी नुसती चालू ठेवली होती! साहेबांनी वर बघितलंच नाही. आमच्याकडे बघून, एवढं तर चालतंच अशा थाटात हसले. "गाडी जरा गरम करवी पडे. एटलुं तो चाले!"

*

दुसरी घडियाळी पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, एका कापडवाल्याची. "बेन, आ गाडी पोळनी बहार गई ज नथी. हाईवे एणे जोयो ज नथी!"

हे महत्त्वाचं होतं. हायवेवर दामटून आल्यावर इंजिन मिनिटभर तरी तसंच चालू ठेवावं लागतं, लगेच बंद केलं तर टर्बोतलं तेल करपतं. गाडी हायवेवर गेलीच नसेल तर उत्तम.

केतकीने पोळाच्या तोंडाशी उभी असलेली गाडी बघितली. मग आतली चिंचोळी गल्ली बघितली. मग म्हणाली, "भाई, आत तर माझी स्कूटर अडकली. ही गाडी पोळात शिरते कुठून?"

कापडवाला काचेवरच्या टोलच्या स्टिकरवर हात ठेवून म्हणाला, "महिनामां चार-पांच वार मुंबई. एटलुं तो चाले!"

*

तिसरा डीलर. इंजिन असं चकाचक, जणू लग्नाला निघालंय! मी केतकीला हळूच सांगितलं, जुन्या गाडीचं इंजिन धुतलेलं दिसलं की काय पुसलंय ते शोधायचं. टर्बोकडून येणारा हवेचा पाईप सोडवला. किंचित ओलावा असतोच, पण इथे तेल माझ्या मनगटावरून ओघळलं.

डीलरने तत्परतेने मला टिश्यू पेपर दिला. एक नाही, अख्खा डबा! डबा तो हातात घेऊनच उभा होता. वर म्हणतो, "टर्बो छे, थोडुं तो पीए ज ने! एटलुं तो चाले!"

*

चौथे आपलेच, मराठी मास्तर. त्या दिवशी अण्णाही हट्टाने आले होते. आम्ही बसलो तशी मास्तरांनी गरब्याची गाणी लावली, तीही फुल्ल आवाजात. नवरात्र संपून चार महिने झाले होते!

मी वेग घेतला आणि म्युझिक बंद केलं. खालून लांबलचक किंचाळी ऐकू आली. बेअरिंग संपलं की टर्बो तसाच ओरडतो.

मागून अण्णा शांतपणे म्हणाले, "मोरे, ॲम्ब्युलन्स येतेय वाटतं. साइड द्या."

मास्तर घाम पुसत म्हणाले, "थोडी शिट्टी वाजते. पण एटलुं तो चाले!"

आधीच्या तिघांचं 'एटलुं तो चाले' केतकीकडून ऐकलेल्या अण्णांनी एकेक करत हाताचं चौथं बोट मिटलं. "चौथा," एवढंच म्हणाले. त्या मुठीकडे बघून मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. परतताना रिक्षात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

*

शेवटी मी ठरवलं, माझीच गाडी द्यायची. टर्बोच, सहा वर्षं माझ्या हातची. दुसऱ्या कोणाचा पाना तिला लागलेला नाही. शनिवारी संध्याकाळी ऐटीत समाला गेलो आणि चावी पुढे केली. "डोळे मिटून घेऊन टाक!"

केतकीने आधी बॉनेटला हात लावला.

"अगं, चालवत आणली तर तापणारच!"

"हो ना काका. म्हणून आज इथेच राहू दे. उद्या सकाळी सातला या." आणि चावी खिशात टाकली.

माझ्याच शिष्येने माझ्यावर शंका घ्यावी? मला राग आला. पण नियम माझाच! तिच्या स्कूटरवर मागे बसून घरी आलो.

सकाळी सातला पोचलो. केतकी ड्रायव्हिंग सीटवर. अण्णा गाडीमागे खुर्ची टाकून, शाल गुंडाळून बसलेले. तेव्हा लक्षात आलं, सहा वर्षं रोज सकाळी मी पुढे बसतो आणि सायलेन्सर मागे असतो. आजवर मागे उभं राहून मी बघितलंच नव्हतं.

केतकीने चावी फिरवली.

सायलेन्सरमधून भसकन निळा धूर आला. हलका, पण निळा. तेल जळाल्याचा. इतरांना मी शंभरदा शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"एटलुं तो चाले!"

अण्णांनी शालीतून चार बोटं मिटलेला हात बाहेर काढला आणि अंगठाही मिटला.

केतकी गाडीतून उतरली. चावी माझ्या हातावर ठेवली. "काका, टर्बो खोला. मंगळवारी अण्णांना याच गाडीतून न्यायचंय."