उंबऱ्यावर तोडलेला धवला

माझ्या धाकट्या भावाच्या बँडचा अल्बम आला, तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली ती गावातल्या किराणावाल्याची. त्याने फोन करून विचारलं, माझा स्पीकर फाटलाय की गाणंच असं आहे? मी म्हटलं, गाणंच असं आहे. तो म्हणाला, मग बरं, स्पीकर गॅरंटीतला आहे.

भाऊ आणि त्याचे तीन मित्र गेली दहा-बारा वर्षं हळदीला वाजवतात. आमच्या उरणकडच्या आगरी गावांत हळद चुकवणं हे लग्न चुकवण्यापेक्षा वाईट समजतात. त्यामुळे या चौघांच्या पाच-सहा गाण्यांवर पनवेलपासून अलिबागपर्यंतची माणसं नाचलेली आहेत. त्यांना चाहतेही तसेच मिळाले, टी-शर्टवर बँडचं नाव छापून घेणारे. त्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता आणि त्यात मीही होते. कॉलेजात असताना पनवेलच्या एका मैत्रिणीमुळे मला रॉक ऐकायची चटक लागली होती. आमच्या गावच्या बायकांत ते ऐकणारी मी एकटीच, म्हणून संगीतातलं आपल्याला जास्त कळतं असा माझा समज झाला. त्यात मी शाळेत गणित शिकवते. आपलं उत्तर चूक असू शकतं ही शंका मला सहसा येत नाही.

भावाला हळदीच्या गाण्यांचा वीट आला होता. दिवसा तो न्हावा शेव्याजवळ एका कंटेनर यार्डात नोकरी करतो. ट्रेलरवर कंटेनर बसताना होणारा दणका, क्रेन मागे सरकताना वाजणारा भोंगा, हे सगळं तो फोनमध्ये भरून घ्यायला लागला. आमच्या बाजूला जी दोन-चार मिठागरं उरली आहेत, तिथे जाऊन त्याने मीठ ओढतानाचा खरखराट घेतला. त्यावर गिटार, आणि गिटारही अशी की मध्येच ओरडणारी. पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं. त्यात ढोलकी येते नवव्या मिनिटाला, आणि आल्याआल्या निघून जाते. मला ते फार आवडलं. अजूनही आवडतं, हे आधीच सांगून ठेवते.

ग्रुप दोन दिवसांत फुटला. मला वाटलं होतं म्हातारे नावं ठेवतील आणि पोरं डोक्यावर घेतील. झालं भलतंच. पोरं भडकली. यावर नाचायचं कसं, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. एकाने लिहिलं की हे ऐकून आमची म्हैस दूध देईना. उलट ट्रेलर चालवणारे लोक या अल्बमच्या प्रेमातच पडले. पोर्टच्या गेटबाहेर तासन्‌तास रांगेत उभं राहावं लागतं, तेव्हा हेच लावतो असं ते सांगायचे. एका ड्रायव्हरने लिहिलं की आमचा आवाज कुणी गाण्यात घेतला नव्हता, यांनी घेतला. तिसरी एक जमात होती, मुंबई-पुण्याची. त्यांना हळदही ठाऊक नव्हती आणि मीठही. त्यांनी लांबलचक परीक्षणं लिहिली आणि आमच्या पोरांपुढे नाकाने कांदे सोलले. मग पोरांनी नवा ग्रुप काढला आणि त्यात अट घातली की फक्त जुनी गाणी.

मी जुन्या ग्रुपात राहिले आणि भांडत राहिले. शाळेतून आल्यावर चहा गार होईपर्यंत मी उत्तरं लिहीत बसायचे. सगळ्यात जास्त भांडले ते चौथ्या गाण्यावरून.

चौथ्या गाण्यात आमच्या आत्याचा आवाज आहे. आत्या धवलारीण आहे. आमच्या लग्नांत भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. मांडवातले सगळे विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात, आणि त्या गाण्याला धवला म्हणतात. त्याचे दोन नियम. लग्नाशिवाय म्हणायचा नाही, आणि सुरू केला तर अर्ध्यावर सोडायचा नाही. मांडव वाऱ्याने उडाला तरी धवलारीण शेवटापर्यंत म्हणूनच उठते. आत्या चाळीसेक वर्षं हे करते आहे. तिला गावातच दिली होती, त्यामुळे आमच्या घरातली ती कधी गेलीच नाही.

भावाने तिच्या फार विनवण्या केल्या. शेवटी तिने पहिला नियम त्याच्यासाठी मोडला. एका दुपारी ओटीवर समई लावली, पदर डोक्यावर घेतला आणि फोनसमोर धवला म्हटला. दुसरा नियम मात्र तिने पाळला. "म्हनते, पन पुरा म्हनीन," असं आधीच बजावलं आणि तसं केलं.

ते भरून आणलेलं भावाने मला ऐकवलं. त्यात एक जागा अशी आहे की नवरीला घरातून मांडवात आणतात आणि ती उंबऱ्यावर थांबते. पाऊल पुढे टाकायचं तर कुणीतरी हात द्यायला हवा. ती विचारते, कोण येतं? तिथे आत्याचा आवाज वर जातो आणि श्वास घेण्यापुरती शांतता पडते. मी भावाला म्हटलं, इथेच तोड. याच्यापुढे काही नको, पुढे एकदम क्रेनचा भोंगा घे. भाऊ कचरला. म्हणाला, ताई, पुरा ठेवू या का? मी त्याला वेड्यात काढलं. सगळं सांगून टाकलं तर ती कला कसली, असं काहीतरी मी बोलले. त्याने तोडलं.

मुंबईच्या परीक्षणांत तिथे तोडण्याचं फार कौतुक झालं. गावात बायकांनी ते ऐकलं आणि त्यांचे चेहरे उतरले. नवरी उंबऱ्यावर उभी आणि धवला बंद. हे कुणाच्या पोरीच्या वाट्याला येईल, असं त्या बोलू लागल्या. ग्रुपवर मी लिहिलं की ही अंधश्रद्धा आहे. तोडण्याची कल्पना माझी होती, हे मात्र लिहिलं नाही. बोलणी भाऊ खात होता, आणि मी त्याची बाजू अशी घेत होते की जणू मी कुणी तिऱ्हाईत समीक्षक.

मग मागच्या आळीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. त्या घरची तीन लग्नं आत्यानेच लावली होती. या वेळी त्यांनी शेजारच्या गावच्या धवलारणीला बोलावणं पाठवलं. आत्याला कुणी काही म्हणालं नाही. नुसतं कुणी आलं नाही. पुढच्या महिन्यात लग्न असलेल्या दुसऱ्या एका घराचंही तसंच झालं.

रविवारी मी माहेरी गेले तर आत्या मागच्या दारी सोडे निवडत बसली होती. मी इकडचं तिकडचं बोलले. ती ऐकत होती. मग खाली बघूनच म्हणाली, "चाळीस वर्सं कुनाचा धवला मी अर्धा नाय ठेवला गो. आता म्हनतान, हिचा आवाज अर्धा राह्यला, ही नको."

मला तिने दोष दिला नाही, कारण तिला माहीतच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की सांगणंही जमेना. चहा न घेताच मी उठले आणि सरळ लग्नघरी गेले.

तिथे नवरीची आई आणि दोघी-तिघी बायका तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. आत्याने पुरा म्हटला होता, भाऊ पुरा ठेवणार होता, तोडायला मी लावलं. तिच्यावर राग काढू नका. मला वाटलं आता चार शिव्या पडतील आणि विषय मिटेल. शिव्यांची माझी तयारी होती.

नवरीच्या आईने सूप खाली ठेवलं. ती शांत बाई आहे. तिने विचारलं, "तू तोडलास ना? मग त्याच्या फुडं काय येतं, ते म्हन."

 पुढे काय येतं ते मला माहीत नव्हतं. भावाने ऐकवलं तेव्हा त्या जागेशी मी थांबवलं होतं आणि पुढचं ऐकलंच नव्हतं. महिनाभर ज्या गाण्यावरून मी लोकांची अक्कल काढत होते, ते गाणं मी पुरं ऐकलेलं नव्हतं. बायकांपैकी कुणी हसलं नाही, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

सूप परत उचलत नवरीची आई म्हणाली की ज्या तोंडाचा अर्धा राहिला, त्याच तोंडाने तो मांडवात पुरा झाला पाहिजे, नाहीतर गावात तसाच लोंबत राहील. शेजारच्या गावची धवलारीण येणारच आहे, दोघी जोडीने म्हणतील. आत्याला बोलवायला ती संध्याकाळी स्वतः जाणार होती. मला मात्र तिने वेगळं सांगितलं. लग्नाला यायचं, धवलारणींच्या मागे बसायचं आणि उठायचं नाही.

तिथून माहेरी परत आल्यावर मी भावाकडे पुरं रेकॉर्डिंग मागितलं. त्याने ते केव्हाच पुसलं होतं. फोनमध्ये जागा नव्हती, आणि तूच म्हणालीस पुढचं नको, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मांडवात जाऊन बसले. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं. तोवर तिला सगळं कळलं होतं. तिने आपल्या मागची चटई हाताने सरळ केली आणि मला तिथे बसवलं. धवला सुरू झाला. तो लांबच लांब असतो. देवांना बोलावतात, मग गावाला, मग नात्यागोत्याला. आजूबाजूला लोक फोटो काढत होते, पोरं सरबताच्या पिंपाभोवती होती, बायका एकमेकींच्या साड्या बघत होत्या. आजवरच्या प्रत्येक लग्नात मीही त्यांच्यातच असायचे. धवला मागे कुठेतरी चालू असायचा, नळाच्या पाण्यासारखा.

नवरी उंबऱ्यावर आली. आत्याचा आवाज वर गेला, कोण येतं, आणि तीच ती शांतता पडली. खरं सांगायचं तर माझ्या कानात क्रेनचा भोंगा वाजला.

मग आत्या पुढे गायली. मला वाटलं होतं आई येईल, किंवा मामा. धवल्यात बाप मागे राहतो, आई रडत आत जाते, आणि नवरीला हात द्यायला तिची आत्या येते. तीच तिला उंबरा ओलांडून देते. त्या आत्याला नाव नाही, पण तिच्यावर पुढे बारा-पंधरा ओळी आहेत. तिने नवरीला लहानपणी कसं न्हाऊ घातलं, तिची वेणी कशी घातली, याच्या.

माझ्या लग्नातही धवला आमच्या आत्यानेच म्हटला होता. म्हणजे उंबऱ्यावर मी उभी असताना या ओळी तिने माझ्यासाठी म्हटल्या असणार. तेव्हा मी काय करत होते, ते मला आठवत नाही.