साकीनाक्याची काडतुसं

मागाठाण्यात माझ्या मालनआत्याला लोक पाठीमागे ‘दुनळीवाली’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी केळव्याहून बोरिवलीच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले आणि तिच्याच घरी राहिले. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला बजावलं, “भिंतीवरच्या बंदुकीला हात लावायचा नाही, आणि आपल्या घरात काय आहे, काय नाही, ते बाहेर बोलायचं नाही.”

बंदूक अनंतकाकांची, माझ्या आत्याच्या नवऱ्याची. विलायती दुनळी. वाडी कान्हेरीच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे भात पोसवलं की रानडुकरं उतरायची आणि पावसाळ्यानंतर लावलेल्या रताळ्यांचा तर एका रात्रीत चिखल करायची. काका विषमज्वरानं गेले तेव्हा शेजारच्या वाडीतले गुणाजी पाटील तेराव्यालाच म्हणाले, “वहिनी, बंदूक माझ्या परवान्यावर चढवून घेतो. नाहीतर पोलीस नेतील.” गुणाजी काकांचे जिवलग दोस्त. दोघं मिळून रानात जायचे. पण गुणाजींकडे जुनाट एकनळी होती, आणि काकांची दुनळी हातात घेतली की ते ती लवकर परत देत नसत, हे आत्यानं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. सुतक फिटल्यावर ती एकटीच परवान्याच्या कचेरीत गेली.

“बाई, चालवणार कोण?” तिथला कारकून हसून म्हणाला.

“डुक्कर मारायला तुम्ही येणार असाल तर तुमच्या नावानं करा,” आत्या म्हणाली.

परवाना तिच्या नावावर झाला. पहिला बार काढला तेव्हा दस्त्याच्या धक्क्यानं तिचा खांदा काळानिळा पडला, पण पुढच्या हंगामात तिनं डुक्कर पाडलं. गुणाजींनी तोंडभर कौतुक केलं. आत्याला ते कौतुकही खटकलं. “आज वहिनी वहिनी करतोय. डोळा कशावर आहे ते मला कळतं,” ती म्हणाली.

एकोणसाठ सालची दिवाळी झाली आणि हत्यारांच्या नव्या कायद्याची बोलणी सुरू झाली. दिल्लीत कायदा येतोय एवढंच वर्तमानपत्रात होतं. बाकीचं लोकांनी घातलं. कुणी म्हणे जुने परवाने रद्द होणार, कुणी म्हणे काडतुसं रेशनसारखी मिळणार, बायकांचे परवाने तर पहिले जाणार. अंधेरीपासून दहिसरपर्यंत ज्याच्या घरी बंदूक होती तो फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानाकडे धावला. वर्षात एकदाही बार न काढणारे लोकसुद्धा काडतुसांची खोकी घेऊन येऊ लागले.

आम्हीही एका शनिवारी दुपारी गेलो. दुकानात सगळे पुरुष. आत्यानं परवाना काउंटरवर ठेवला तर दुकानदार म्हणाला, “मिस्टर नाही आले?”

“ते वरती गेलेत. त्यांना विचारून येऊ का?”

तो ओशाळला, पण काडतुसं नाहीत म्हणाला. मोठ्या छऱ्यांची, डुकराला लागणारी, तर एकही नाही. पुढच्या आठवड्यात बघा. बाहेर पडताना आत्या माझ्या कानाशी लागली, “खालच्या फळीवर आहेत. भाव चढायची वाट बघतोय मेला.”

आणि तेवढ्यात आम्हाला गुणाजी दिसले. समोरच्या फुटपाथवर ते एका काळ्या टोपीवाल्या माणसाशी हळू आवाजात बोलत होते. आम्हाला पाहिल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. आत्या त्यांना हाक मारायला थांबली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “तो टोपीवाला साध्या कपड्यातला पोलीस होता.”

“कशावरून?”

“बूट बघितलेस त्याचे?”

मी बूट बघितले नव्हते.

त्याच आठवड्यात सहदेव चुरींच्या ओटीवर बंदूकवाल्यांची बैठक झाली. चुरी रेल्वेतले निवृत्त ओव्हरसियर. त्यांची बंदूक दिवाणखान्यात शोभेला टांगलेली असायची. आत्याला आजवर असल्या बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. या वेळी खास निरोप आला, तिथेच तिला वास आला. तरी ती गेली, मला घेऊन गेली, आणि ओटीच्या पायरीवर बसली.

चुरींनी सुचवलं, “आपण असं करू. कुणाकडे किती काडतुसं आहेत ते मोकळेपणानं सांगू. कमी असतील त्याला इतरांनी द्यायची. काय?”

कुणी पानाला चुना लावत बसलं, कुणी छपराकडे बघू लागलं. मग एकेक जण म्हणाला, माझ्याकडे नावालाच उरलीत. दोन दिवसांपूर्वी ज्याला आम्ही खोकं घेऊन गाडीतून उतरताना पाहिलं होतं तोही तेच म्हणाला.

“आणि वहिनी तुमच्याकडे?” गुणाजींनी विचारलं.

“माझ्याकडे काही नाही,” आत्या म्हणाली.

ते खोटं होतं. घरी तांदळाच्या कणगीत, डब्यात बंद करून, थोडी जुनी काडतुसं होती. बैठकीवरून आल्यावर तिनं तो डबा कणगीतून काढून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवला, दुसऱ्या दिवशी तिथूनही हलवला. वाडीत कामाला येणारी कमळ पंधरा वर्षं घर झाडत होती. तिला आतल्या खोलीत यायची बंदी झाली. कमळ माझ्याकडे कुरकुरली, “बाई, मी काय चोर हाय का?” मी खोलीत शिरले की आत्या माझ्याही हाताकडे बघायची.

काडतुसं वाचवायची म्हणून तिनं बार काढणं बंद केलं. डुकरांना ते लगेच कळलं. रताळ्याचे वेल रोज सकाळी उलटेपालटे झालेले दिसू लागले. आत्या डबे वाजवून, टेंभे लावून बघायची. एके दुपारी गुणाजी आले. हातात केळ्यांची टोपली. पडवीत टोपली ठेवून त्यांनी केळी बाजूला केली, तर खाली सुतळीनं बांधलेलं पुडकं.

“ठेवा वहिनी. तुमचा बार ऐकू येत नाही, म्हणून म्हटलं संपली असणार.”

“कुठून आणली?”

“साकीनाक्याला एक जण आहे, छोट्या कारखान्यात. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून देतो. फोर्टात दुकानासमोर त्यानंच मला गाठलं.”

“परवान्यावर चढवलीत?”

गुणाजी हसले. “आता कोण चढवतंय? तुम्ही ठेवा हो. कुणाला कळणार आहे?”

“घेऊन जा,” आत्या म्हणाली. “माझ्या घरात नको.”

“संशय घेता माझा?”

“घेते.”

असं तोंडावर ‘घेते’ म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गुणाजींचा चेहरा पडला. “अनंता असता तर...”

“ते असते तर तुम्ही फक्त केळी आणली असती.”

त्यांनी पुडकं धोतराच्या सोग्यात गुंडाळलं. केळी मात्र तिथेच ठेवून गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर आत्या मला म्हणाली, “कळलं का तुला? चोरटी काडतुसं माझ्या घरात ठेवायची, मग हवालदार पाठवायचा. परवाना गेला की दुनळी लिलावात. घेणारा कोण?”

मला ते पटलं नाही. पण चारपाच दिवसांत खरंच हवालदार आला. बंदूक बघितली, परवाना बघितला, चहा प्यायला, सगळ्यांच्याच बघतोय म्हणाला. चुरींकडे आणि गुणाजींकडेही तो त्याच दिवशी गेला होता. मी तसं आत्याला सांगितलं. “गेला असेल, दाखवायला,” ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं खटला पुरा झाला होता. वाडीच्या कुंपणात गुणाजींकडे ये-जा करायला एक फट होती, ती तिनं काटेरी फांद्या लावून बुजवून टाकली.

डिसेंबर संपत आला होता. एका दिवेलागणीला गुणाजींच्या वाडीतून बार ऐकू आला. नेहमीसारखा नव्हता. फुटल्यासारखा, कर्कश. आत्या चूल पेटवत होती, तशीच उभी राहिली. थोड्या वेळात कमळ कुंपणापलीकडून ओरडत आली, “बाई, पाटलांचा हात गेला!”

आत्यानं त्या काटेरी फांद्या हातांनी उपसल्या. मी मागून पळाले. गुणाजी बांधाला टेकून बसले होते, चेहरा पांढराफटक. त्यांची बायको जया त्यांच्या डाव्या हाताला पंचा गुंडाळत होती आणि पंचा लाल होत होता. एकनळी बाजूला पडली होती. नळी बुडाशी केळ्याच्या सालीसारखी फाटली होती. भरणाऱ्यानं दारू जास्त घातली होती की जुनी नळीच झिजली होती, कुणास ठाऊक. बहुधा दोन्ही.

आत्यानं आपल्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि मनगटाच्या वर आवळून बांधला. कमळच्या नवऱ्यानं बैलगाडी जुंपली. गाडी निघताना जयानं आत्याचा दंड धरला. “मालनताई, घरात ते पुडकं आहे. पोलीस येणार. यांना ह्या हातानं बेड्या घालतील गं.”

आत्यानं एकदा रस्त्याकडे बघून घेतलं. मग म्हणाली, “कुठे आहे?”

जयानं ते कोंड्याच्या पिंपातून काढून दिलं. आत्यानं ते फाटक्या पदराखाली घेतलं आणि सरळ आमच्या घरी चालत आली. वाटेत चुरी भेटले, काय झालं काय झालं विचारू लागले. “बंदूक जुनी होती,” एवढंच ती म्हणाली. परसातल्या विहिरीचं पाणी कुणी पीत नसे, झाडांना जाई. तिनं पुडक्याला दगड बांधून त्यात सोडलं. इतके दिवस ज्याच्या भीतीनं ती फटी बुजवत होती ते तिनं स्वतःच्या हातानं घरात आणलं होतं. त्यानंतर पडवीत बसली ती जेवायलाही उठली नाही.

“आत्या, काय झालं?”

“मला वाटलं, तो मला अडकवतोय,” ती म्हणाली. “तो तीच काडतुसं स्वतः वापरत होता गं. चांगली समजून.”

मोठ्या हॉस्पिटलात गुणाजींची तीन बोटं काढावी लागली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. आत्यानं संत्री ठेवली. गुणाजी आयुष्यभर तिच्याशी अदबीनं बोलले होते. त्या दिवशी म्हणाले, “तुला माहीत होतं.”

“काय?”

“काडतुसं खराब आहेत ते. म्हणून घेतली नाहीस. आणि मला बोलली नाहीस.”

“नव्हतं माहीत.”

“मग का परत केलीस?”

आत्याला खोटं बोलता आलं असतं. परवान्यावर नव्हती म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, “मला वाटलं, तुम्हाला माझी दुनळी हवीय. पोलिसांत देऊन माझा परवाना घालवाल, असं वाटलं.”

गुणाजींनी बँडेज बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, “दुनळी हवी होती मला. ते खोटं नाही. पण अनंताच्या बायकोला पोलिसांत?” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जया रडू लागली. आम्ही उठलो.

त्यांनी आत्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला का, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी फुटलेली बंदूक नेली, गुणाजींचा परवाना रद्द केला. साकीनाक्याचा तो माणूस कुणाला सापडला नाही.

पण डुकरं काही थांबली नव्हती. गुणाजींची रताळी उघड्यावर पडली. आत्यानं आपला डबा काढला आणि दिवस मावळायच्या आत, कुणाला न विचारता, त्यांच्या बांधावर जाऊन बसली. त्या महिन्यात तिनं जपून ठेवलेली काडतुसं उडवली, जास्त करून त्यांच्याच वाडीसाठी. गुणाजी हॉस्पिटलातून आल्यावर ओटीवर बसून बघत. बार झाला की नेम कुठे चुकला ते तिथून ओरडून सांगत. आत्या उत्तर देत नसे, पण पुढच्या वेळी तसं करी.

कायदा त्याच सुमारास पास झाला. अंमलात यायला आणखी काही वर्षं गेली, आणि आमच्या ओळखीच्या कुणाचाही परवाना त्यापायी गेला नाही. दुकानात काडतुसं पुन्हा मिळू लागली. ज्यांनी खोकी साठवली होती त्यांची कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगून नळीत जाईनाशी झाली. चुरींनी कायद्यातली कलमं वाचून समजावून सांगितली, तेव्हा आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला वाटेत म्हणाली, “आज असं म्हणताहेत. उद्याचं कोणी बघितलंय?”

कमळला आतली खोली परत मिळाली. कुंपणातली फटही उघडीच राहिली. तिच्यातून जया भाजी घ्यायला येई, आत्या बंदूक घेऊन तिकडे जाई. पुढे गुणाजींच्या जावयानं नवा परवाना काढला आणि त्याला नेम शिकवायला आत्याच गेली. तिनं त्याला सगळं शिकवलं, कसं उभं राहायचं, श्वास कधी सोडायचा, डुक्कर अंगावर आलं तर काय करायचं. फक्त दुनळी त्याच्या हातात दिली नाही. त्याला त्याचीच आणायला लावली.