खिडकीशी धरलेल्या फिल्म

भामाआत्याला मी कधी टेकून बसलेलं पाहिलं नाही. जेवतानासुद्धा तिचा एक गुडघा उभा असतो, कुठल्याही घासाला उठायच्या बेतात. शाळेत ती चित्रकला शिकवते. मुलं चित्र काढत असतात तेवढा वेळ ती बाकांमधून फिरते, खडू तळव्यावर आपटते, एकेक खिडकी ढकलून उघडते. उघडी असलेलीही. तंजावरच्या मे महिन्यात वारा भट्टीतून आल्यासारखा येतो, तेव्हाही. मुलं तिला 'खिडकी मिस' म्हणतात आणि ते तिला ठाऊक आहे.

त्यामागचं कारण मला गेल्या वर्षी कळलं. ती कॉलेजात होती तेव्हा तिला क्षय झाला होता. शहराबाहेरच्या सॅनटोरियममध्ये वर्षभर तिला पाठीवर निजवून ठेवलं. पुस्तक वाचायला मान उचलली तरी नर्स ओरडायची. घरच्यांनी गल्लीत सांगितलं, पोर बेंगळूरला मावशीकडे शिवण शिकायला गेलीय. ती परत आल्यावर आजीने गोष्टीला पुरावा म्हणून शिवणयंत्रही विकत घेतलं. आत्याला आजसुद्धा धड बटण लावता येत नाही. लग्नाआधी तिने फक्त होणाऱ्या नवऱ्याला, बाळकृष्णरावांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या आईस कळूं देऊं नको." तिथे तो विषय मिटला.

गेल्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, शाळेत मंगलाचं पत्र आलं. मंगला आमच्याच शाळेची, आता झांबियात नर्स आहे. तिथल्या क्षयाच्या रोग्यांना औषध मिळतं, पण पोटभर जेवण नाही आणि इस्पितळापर्यंत यायला बसचं भाडं नाही, म्हणून ते उपचार अर्ध्यावर टाकतात, असं तिने लिहिलं होतं. शाळा काही करील का? हेडमिस्ट्रेस कमलाक्षी मिसनी पत्र प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. पण पालकांकडे पुन्हा हात पसरायचा कसा? घरोघरी केबल आली होती, नवे मिक्सर आले होते, वर्गणी म्हटलं की मात्र सगळ्यांचे चेहरे उतरत.

तेव्हा कुणीतरी सुचवलं की जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी निघते. अय्यनकडै रस्त्यामागे चांदीचं काम करणाऱ्यांच्या गल्लीत एक व्यापारी त्या वजनावर घेतो. फिल्म कुणाच्या घरी नसतात? मुलांना ते फार आवडलं. आजोबांचा खुबा आला, मोपेडवरून पडलेल्या काकांचा हात आला, आजीचे गुडघे जोडीने आले. महिन्याभरात तंजावरातली सगळी हाडं चित्रकलेच्या खोलीत गोळा झाली.

दिवाळीला लागून सूर्यग्रहण होतं. फिल्ममधून ग्रहण पाहायचं म्हणून मुलं ढिगातून फिल्म पळवू लागली. कमलाक्षी मिसनी राखणीला आत्याला बसवलं. बसवलं म्हणजे नेमलं. ती फिल्म कागदी पाकिटांतून काढायची आणि एकेक खिडकीशी धरून पाहायची. ते करणं कामात नव्हतं. पण खिडकी, उजेड आणि त्यातली सावली यांच्यापुढे तिचं काही चालत नाही.

एलकेजीच्या खोक्यात एक छाती निघाली. नवी फिल्म, अजून वास असलेली. उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली ढगाची एक चिंधी. आणि कोपऱ्यात, जिथे नाव असतं तिथे, ब्लेडने खरवडलेलं.

आत्याने फिल्म खाली ठेवली, खोलीभर एक फेरी मारली, पुन्हा उचलली. स्वतःच्या फिल्मवरचं नाव तिने असंच खरवडलं होतं. लांबीला एकदा, मग आडवं, मग पुन्हा लांबीला.

त्या रात्री ती अंगणात फेऱ्या मारत होती. बाळकृष्णराव म्हणाले, "काय की, मांजर शिरलंय का तुझ्यात?" ती फेऱ्या मारतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती माणसांच्या मानेकडे पाहू लागली, मनगटांकडे पाहू लागली. एलकेजीला शिकवणाऱ्या विनुताच्या बांगड्या हात वर केला की थेट कोपरापर्यंत उतरत होत्या. विनुता आत्याचीच जुनी विद्यार्थिनी, आमच्या मराठी घरांतलीच. थै महिन्यात, म्हणजे पोंगल झाला की, तिचं लग्न होतं.

शाळा सुटल्यावर आत्याने तिला खोलीत बोलावलं.

"ही कुणाची?"

विनुताने नीट पाहिलंही नाही. "मुलांनी आणली असेल कुणी, अक्का."

"तुझ्या खोक्यात होती."

"मग माझ्या वर्गातल्या कुणाची असेल."

"एलकेजीतल्या पोरास एवढी छाती?"

विनुता हसली. हसताना खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही. तोंड पुसून ती म्हणाली, "तुम्ही ड्रॉइंग मिस की डॉक्टर?"

आत्याने पिशवीतून दुसरी फिल्म काढली. पिवळी पडलेली, कडांना चिकटलेली, तीही कोपऱ्यात खरवडलेली. दोन्ही शेजारी शेजारी काचेवर धरल्या. "ही माझी."

विनुताने दोन्ही खरवडलेल्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. मग सगळं एकदम बोलली. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. महिनाभर घेतल्या, ताप गेला, मग सोडल्या. "उशाखाली गोळ्या घेऊन सासरी जाऊं, अक्का? फिल्म कुठे टाकावी कळेना. घरी जाळली तर वास येतो. म्हटलं, वितळून चांदी होईल, कुणाच्या तरी जेवणाला तरी जाईल."

"गोळ्या मधेच सोडल्यास मरशील. त्या मुलास सांग."

"तुम्ही कुणास सांगितलंत?"

"नवऱ्यास."

"आणि सासूस? शाळेस? झांबियासाठी एवढा ढीग घालून बसलां आहां. कमलाक्षी मिसना सांगितलंत?"

आत्या खिडकीकडे गेली. "नाही."

"मग मीच कशास?"

आत्याने उघडी खिडकी आणखी ढकलली, हे तिनेच मला नंतर सांगितलं. खिडकीबाहेर पाहत ती एवढंच म्हणाली, "शेरी, बरं. कुणास सांगूं नको. पण गोळ्या माझ्यासमोर घ्यायच्या."

दोघी तिरुच्चीच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्यांनी गोळ्या पहिल्यापासून सुरू केल्या आणि विनुताला मुलांपासून लांब, घरी राहायला सांगितलं. शाळेत कावीळ म्हणून कळवलं. त्या दिवसांत आत्या रोज सकाळी तिच्या घरी जायची, लग्नाच्या रांगोळ्यांचे नमुने द्यायच्या निमित्ताने. पुन्हा तपासून, आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा विनुता शाळेत आली. गोळ्या घरी ठेवणं तिला नको होतं, म्हणून त्या आत्याच्या टेबलाच्या खणात राहिल्या. घंटा व्हायच्या आधी, उपाशीपोटी, विनुता खोलीत यायची, गोळ्या घ्यायची, जायची. दोन्ही फिल्म एकाच गोणीतून व्यापाऱ्याकडे गेल्या.

मार्गळी महिना लागायच्या सुमाराला, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, हिंदीच्या चंद्रमती मिस पिना शोधायला आल्या आणि त्यांनी नको तो खण ओढला. तसल्या लाल कॅप्सूल त्यांनी क्षय झालेल्या मामाच्या उशाशी पाहिल्या होत्या. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या स्टाफरूमला कळलं होतं की भामा टीचरला टीबी आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या स्टीलच्या पेल्याच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

कमलाक्षी मिसनी तिला बोलावून घेतलं. दार उघडं ठेवलं.

"भामा, इकडे लहान मुलं असतात. तू पोंगलपर्यंत विश्रांती घे. पगार चालू राहील."

"झांबियाचा ड्राफ्ट तयार झाला का मिस?"

"तो विषय वेगळा."

"हो," आत्या म्हणाली. "तो लांबचा."

घरी बाळकृष्णराव खूप चिडले. "गोळ्या तुझ्या नव्हेत एवढं सांगायला काय जातं?"

"मग कुणाच्या, हे विचारतील."

"विचारूं दे! फुकट अंगावर घेतेस!"

"फुकट कसं? झाला होता की मज."

"तीस वर्षांपूर्वी!"

"बातमी उशिरा पोचली, एवढंच."

आत्या हसली, पण ते तेवढ्यापुरतंच. गल्लीत काय बोलतात याची तिला पर्वा नव्हती. गोळ्या अजून शाळेतच, त्या खणात होत्या. विनुता त्या घेते आहे की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. रोज सकाळी शाळेच्या घंटेची वेळ जवळ आली की आत्या दारापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून दारापर्यंत चालायची. रांगोळीचं पीठ हातात, रांगोळी अर्धी. मी म्हटलं, "जाऊन विचार की तिला."

"तिच्या दारात मी उभी राहिले की तिचंही नाव निघेल. आता मी टीबी मिस."

ड्राफ्ट पाठवायच्या दिवशी शाळेत समारंभ होता. फिल्म तिनेच सांभाळल्या, म्हणून तिला बोलावणं आलं. मीही बरोबर गेले. भाषणात कमलाक्षी मिस म्हणाल्या, त्या दूरच्या देशात लोक हा आजार लपवतात, कारण शेजारी त्यांना दूर करतात. आपल्या मुलांनी त्यांना जवळ केलं. टाळ्या वाजल्या. आत्या व्हरांड्यात उभी होती, भिंतीपासून हातभर लांब.

मग स्टाफरूममध्ये कॉफी. सगळे पेले ताटात होते, ठिपक्याचा एकटा खिडकीच्या कठड्यावर होता. विनुता दिसत नव्हती. आत्याची नजर दाराकडे, घड्याळाकडे, पुन्हा दाराकडे.

विनुता आली. हातात गोळ्यांचं पाकीट. ती सरळ कठड्याशी गेली, माठातलं पाणी ठिपक्याच्या पेल्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर एकेक गोळी गिळली.

"मला कॉफी नको," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ उपाशी राहायचं असतं. गोळ्या माझ्या आहेत. भामाअक्का बऱ्या होऊन तीस वर्षं झाली."

चंद्रमती मिसच्या हातातलं ताट वाजलं.

"अय्यो, वेडी!" आत्या ओरडली. "थै तोंडावर आहे! जरा थांबायला काय झालं होतं?"

"तुम्ही नव्हतां तर दोन दिवस घेतल्याच नाहीत, अक्का. तिसऱ्या दिवशी भीती वाटली. आज सकाळी आईस सांगून आले."

कमलाक्षी मिसनी ठिपक्याचा पेला उचलला आणि नखाने बुड खरवडू लागल्या. नेलपॉलिश लवकर निघत नाही. आत्या खिडकी उघडायला गेली. ती उघडीच होती.

थैतलं लग्न लांबलं. मुलगा हो म्हणतो. त्याच्या आईला गोळ्या संपल्यावर नवी फिल्म पाहायची होती. गोळ्या जूनमध्ये संपल्या. काल विनुता फिल्म घेऊन थेट आमच्याकडे आली, सासरी दाखवायच्या आधी. कोपऱ्यात तिचं नाव होतं, नीट वाचता येईल असं. आत्याने फिल्म पुढच्या खोलीच्या खिडकीशी धरली. बराच वेळ पाहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या खिडकीशी धरून पुन्हा पाहू लागली.

"काय दिसतं अक्का?" विनुताने बाहेरून विचारलं.

"थांब," आत्या म्हणाली. "इथे उजेड चांगला नाही." आणि फिल्म घेऊन ती परसात गेली.