वडिलांचा फॉर्म

आमच्या घरात सगळे फॉर्म आई भरायची. रेशनचा, गॅसचा, माझ्या कॉलेजचा. वडील फक्त सही करत, तीही आईने फुली मारून दाखवली तिथेच.

सातपूरच्या कंपनीतून व्हीआरएस घेऊन वडील घरी बसले आणि बोलेनासे झाले. तसे ते आधीही बोलत नव्हते, पण आता दिवसभर समोर दिसायला लागले. ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आईने ठरवलं. म्हणून आम्ही तिघं कॉलेज रोडला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांकडे नुकताच कॉम्प्युटर आलेला. त्यावर ते भलतेच खूश. म्हणाले, "यापुढे मनाची गोळी कुणाला कुठली द्यायची, हे यंत्रच सांगेल. पंधरा-वीस वर्षांत आमची गरजच उरायची नाही." आणि गरज नसल्यासारखे चहाला निघून गेले.

स्क्रीनवर इंग्रजीत वीस प्रश्न होते. वडील चष्मा घरी विसरलेले. मी मराठीत वाचायचं, आईने उत्तर द्यायचं, मी माउस दाबायचा असं ठरलं. फॉर्मच होता, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"पहाटे लवकर जाग येते का?"

"तीनलाच. मग नुसतं पंख्याकडे बघत पडायचं."

"जेवणावरची वासना उडाली आहे का?"

"कधीचीच."

वडिलांनी त्याच सकाळी दोन प्लेट मिसळ खाल्ली होती. तरी मी माउस दाबला.

"आपण कुणाला नकोसे झालोय, असं वाटतं?"

"लिही, रोज."

वडिलांनी मान डोलावली. ही सांगते म्हणजे बरोबरच असणार.

कागद छापून आला. आजार बराच आहे, रोज एक गोळी. मग महिनाभर वडील टीव्हीसमोर बसल्या जागी घोरले. भारताची अख्खी मॅच झोपेत गेली. "गुण आला बाई!" आई म्हणाली. ती स्वतः तीनला उठून स्वयंपाकघरात बसायची. मला वाटायचं, पाण्यासाठी उठते. आमच्या नळाला पाणी साडेपाचला यायचं. एकदा विचारलं, तुला बरं नाही का? "मला काय धाड भरलीय?" विषय संपला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वडिलांनाच विचारलं.

"गोळीआधी झोप कशी होती?"

"मस्त."

"भूक?"

"झकास."

डॉक्टरांनी जुना कागद काढून पुन्हा वाचला. मग आईकडे वळले. "ताई, आता तुमचीही उत्तरं घेऊ."

"परत कशाला?" आई म्हणाली. "मागच्या खेपेला दिली की."

तीनची जाग कुणाची, ते मला तेव्हा कळलं. मला माझीच चीड आली. माउस माझ्याच हातात होता.

वडिलांनी खिशातून चष्मा काढला. "हिचा फॉर्म मी भरतो. तू मराठीत वाच."

मी पहिला प्रश्न वाचला, पहाटे लवकर जाग येते का. वडील आईकडे वळले. त्यांना माहीत नव्हतं.