जळती घरं

काल नातीनं मेणखडूंची नवी पेटी उघडली आणि त्या वासानं मला कळंबच्या शाळेतली चित्रकलेची स्पर्धा आठवली.

माझी लेक प्रेरणा तेव्हा चौथीत होती. टीव्हीवर जादूच्या राज्याचं एक कार्टून लागायचं. त्यातला राजपुत्र सगळ्या पोरांचा लाडका. 'माझा आवडता हिरो' हा विषय मिळताच तिनं त्यालाच काढलं, घोड्यावर बसलेला. पण त्याच्या मागं जळती घरं काढली आणि एका दारात रडणारी चेटकीण.

परीक्षक सर वाकून म्हणाले, "चित्र छान आहे. पण मागं आग कशाला?"

"त्यानंच लावली, सर. चेटकिणीला हरवायला."

"ती तर वाईट आहे ना?"

"व्हय सर. पण घरं गावातल्या लोकांची होती."

सर हसले. "त्यावर हिरवा रंग दे, झाडं कर. पहिला नंबर तुझाच."

मी खिडकीपाशी उभा होतो. 'दे की,' असं मीही खुणावलं. तिनं हिरवा खडू उचलला, चित्राकडं बराच वेळ पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

बक्षीस दुसऱ्याला मिळालं. स्टँडकडं चालताना मी जरा चिडूनच विचारलं, "काय बिघडलं असतं गं?"

"पप्पा, मग त्या घरांतली माणसं कुठं गेली, असं कुणी विचारलंच नसतं."

घरी मी फक्त नंबर हुकल्याचं सांगितलं. आता मात्र घरी येईल त्याला तिचं ते वाक्य ऐकवतो, आणि ते माझ्या लेकीचं आहे हे आधी सांगतो.